बाबांनी समोरून पाहिलेलं पहिलं नाटक

माझ्या बाबांनी चाळीस हंगाम नाटकात काढले आणि एकही नाटक पाहिलं नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बाप्पा, मीही हसले असते. पण ही गोष्ट मला माझ्या वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नागपुरात, एका शिकवणी वर्गाच्या तिसऱ्या मजल्यावर कळली, आणि तेव्हा हसू काही आलं नाही.

बाबा म्हणजे धनीराम, भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या पुढच्या सिहोऱ्याचे. घरी तीन एकर धान, आणि दिवाळी झाली की नाटक कंपनी. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक पाहिजेच. जावई-पाहुणे येतात ते भेटायला कमी आणि नाटकाला जास्त. कंपनीचे नट आज या गावात राजा, तर उद्या त्या गावात दारुडा. तालमीला वेळ कोणाला आहे? एखादा नवा नट तर दुपारी बसमधून उतरतो आणि रात्री रंग लावून उभा राहतो. मग त्याची वाक्यं कोण सांभाळतं? माझा बाप सांभाळायचा. बाबा प्रॉम्प्टर होते. स्टेजच्या पुढ्यात कमरेएवढा खड्डा खणायचा, प्रेक्षकांच्या बाजूनं फळी आडवी लावायची, आत एक स्टूल, एक बल्ब, मांडीवर नाटकाची वही आणि बाबा. प्रत्येक वाक्य आधी त्यांच्या तोंडून निघायचं, मग नटाच्या. त्यांची कुजबुज अशी तयार झाली होती की स्टेजवरच्या माणसाला ती स्पष्ट ऐकू जायची आणि पहिल्या सतरंजीवर बसलेल्या म्हातारीला मुळीच नाही.

मला या धंद्याचा राग होता, खोटं कशाला बोलू. दिवाळी ते होळी घरात बाप नाही. पहाटे यायचे, दुपारपर्यंत झोपायचे. "गप राहा, बाबा झोपले," हे ऐकतच मी मोठी झाले. माझं लग्नसुद्धा कंपनीची तारीख रिकामी पाहून लावलं. वऱ्हाडातले लोक म्हणाले, मुलीचा बाप मोठा शांत स्वभावाचा दिसतो. शांत कुठले! घसा बसला होता.

गेल्या होळीला तो घसा बसला तो उठलाच नाही. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, कोणी सांगितलं म्हणून बकरीचं दूधही झालं. शेवटी जुलैत धानाची रोवणी आटोपल्यावर मी त्यांना माझ्या घरी मोहाडीला आणलं आणि तिथून नागपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आवाजाच्या तारेवर गाठ होती. साधी निघाली, देवाची कृपा. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर मॅडमनं सांगितलं, "सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. आणि कुजबुज तर अजिबात नको. लोकांना वाटतं, हळू बोललं की घशाला आराम मिळतो. उलट आहे. कुजबुजल्यानं जास्त ताण पडतो."

"मॅडम, यांचा धंदाच कुजबुजायचा आहे," मी म्हटलं.

मॅडमला वाटलं मी गंमत करते. त्या हसल्या. बाबांनी मान खाली घातली. दिवाळीला तीन महिने होते. तोवर आवाज आला नाही तर त्या खड्ड्यात दुसरा माणूस बसणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी माझ्या मुलीची जुनी पाटी आणि लेखणी बाबांच्या हातात दिली. काय सांगायचं ते लिहा आणि पुसा. सिहोऱ्याहून माय, म्हणजे धुरपताबाई, फोनवर म्हणाली, "बरं झालं बाई, आता भांडणात मी जिंकीन." पण दुसऱ्याच दिवशी तिनं तीनदा फोन केला, नुसतं त्यांचं खाकरणं ऐकायला.

दर शनिवारी तपासणी असायची. मी मोहाडीत ब्लाउज शिवते. शनिवारी दुकानाला कुलूप लावायचं आणि सकाळच्या एसटीनं बापाला घेऊन निघायचं. दवाखाना तीनला आटपायचा आणि आमची थेट बस साडेसातला. मधले साडेचार तास काय करायचं? पहिल्या शनिवारी आम्ही पायी फिरत एका मोठ्या नाट्यगृहासमोर पोहोचलो. मुंबईचं नाटक लागलं होतं. बाबा पाय रोवून उभे. पाटीवर लिहिलं, "तिकीट विचार."

मी खिडकीवर गेले आणि परत आले. "पाचशे, सातशे अन् हजार. एका माणसाचे, बाबा! हजारात मी आठ ब्लाउज शिवतो. त्यायले म्हना, तुमीच पाहा तुमचं नाटक."

बाबांनी पाटी पुसली. ते बघून मला माझ्याच तोंडाचा राग आला. पण दोघांचे हजार रुपये ते हजार रुपये.

दवाखान्याच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला आम्ही एका दुकानात शिरलो, तर तिथं भिंतीवर हातानं लिहिलेला कागद चिकटवला होता. नाटक, आज पाच वाजता, पलीकडच्या गल्लीत शिकवणी वर्गाच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली लिहिलं होतं, "तिकीट नाही. दाराशी डबा आहे, वाटेल ते टाका, नाही टाकलं तरी चालेल. नाटक न कळणाऱ्यांनीही यावं." म्हटलं, हे शेवटचं तर माझ्यासाठीच लिहिलं आहे. बाबा माझ्या पुढे चालायला लागलेही होते.

वर जाऊन पाहते तर काय! पडदा नाही, स्टेज नाही. वर्गातले बाक भिंतीशी एकावर एक रचलेले, मधे मोकळी फरशी, तीस-पस्तीस प्लास्टिकच्या खुर्च्या. फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. दाराशी बिस्किटाचा पत्र्याचा डबा. मी वीस रुपये टाकले. दाढीवाल्या पोरानं असे हात जोडले की मला वाटलं मी देणगीच दिली. त्याचं नाव कमलेश. नाटक त्यानंच बसवलं होतं. दिवसा तो कुठंतरी मोबाईल दुरुस्त करायचा.

बाबा खोलीभर नजर फिरवत होते. मग पाटी माझ्यासमोर धरली. "खड्डा कुठी आहे?"

मी कमलेशला विचारलं, "प्रॉम्प्टर कुठी बसते?"

"प्रॉम्प्टर नसतो काकू आमच्याकडे," तो म्हणाला.

काकू म्हणे! मी उत्तर देणार, तेवढ्यात बाबांनी पाटीवर घाईघाईनं लिहिलं, "मंग कोनी विसरलं त?" आणि नाटक सुरू होईपर्यंत ते त्या काळजीत होते.

नाटकात एकच पोरगी, तेजस्विनी. ती एका बाईचं काम करत होती. बाईला घर रिकामं करून कायमचं जायचं आहे, म्हणून ती भांडी बाहेर काढते, पुसते, पोत्यात भरते. पाऊण तासात दहा-बारा वाक्यं असतील. मी मनात म्हटलं, हे तर मी रोज घरी करते आणि मला पाहायला कोणी येत नाही. एकदा जांभईही आली. शेवटी पाण्याचा एक पितळी गुंड उरतो. ती तो उचलते, परत ठेवते, दाराकडे बघते आणि थोडं थांबून म्हणते, "हा इथंच राहू द्या." संपलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पिशवी उचलली आणि बाबांकडे वळले, तर ते खुर्चीच्या टोकावर तसेच बसलेले. डोळे भरलेले. मी घाबरले. "बाबा, घसा दुखून राहिला का?"

त्यांनी लिहिलं, "मी तोंड पायलं."

"कोनाचं तोंड?"

"वाक्य बोलनाऱ्याचं."

मग पाटी पुसत-लिहीत, पुसत-लिहीत ते सगळं बाहेर आलं. खड्ड्यातून दिसतं काय? मांडीवरची वही आणि वर नटांचे पाय. फार तर साडीचा काठ. मान वर करून तोंड बघायला गेलं तर ओळ चुकते. बाबा सगळ्या कलाकारांना टाचेवरून ओळखायचे. मी विचारलं, मग दुसऱ्या कंपनीचं नाटक तरी कधी समोर बसून पाहिलं असेल? त्यांनी लिहिलं, "त्यायचा खेळ रायते त्या दिवशी आपलाबी रायते." खरंच की! हंगाम सगळ्यांचा एकच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या घरातच होता, आणि अडतीस वर्षं मला कळलं नाही की ज्याच्यासाठी या माणसानं आमची दिवाळी सोडली, ते त्याला कधी दिसलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना खाली नेऊन चहा पाजला आणि दुसऱ्या शनिवारी पुन्हा काही आहे का, ते विचारायला जिने चढून वर गेले.

आणि असतंच, हे मला त्यानंतर कळलं. एवढ्या मोठ्या शहरात हजाराच्या तिकिटाच्या आजूबाजूला ही पोरं जागा मिळेल तिथं नाटक करत असतात, फक्त ते माहीत असलेला एक माणूस भेटावा लागतो. आम्हाला कमलेश भेटला. त्यानं पत्ते दिले. एका शनिवारी वाचनालयात पुस्तकांच्या दोन कपाटांच्या मधे नाटक, तर दुसऱ्या शनिवारी कोणाच्या तरी गच्चीवर. तिथं चार पोरी पिठाच्या गिरणीच्या आवाजावर नाचल्या, गाणं नाही, बाजा नाही. एकदा एक पोरगा अंगाला वर्तमानपत्रं गुंडाळून तासभर ओरडला. मी कंटाळून गेले. बाबांनी लिहिलं, "समजलं नाही. पण मेहनत आहे." सगळीकडे दाराशी डबा, किंवा टोपी, किंवा नुसतंच हसू. कोणी कधी विचारलं नाही की तुम्ही कुठले, तुम्हाला यातलं काय कळतं. "काका आले, काका आले," म्हणत पुढची खुर्ची बाबांना द्यायचे. गच्चीवरच्या पोरींचे घागरे टाचण्यांवर टिकलेले पाहून मला राहवलं नाही. पर्समध्ये सुईदोरा असतोच. खेळाआधी बसून दोघींच्या कंबरेला पक्के टाके घालून दिले. आवाज बंद असलेला बाप आणि कशातच काही कळत नसलेली मी, आम्हाला त्या पोरांनी घरच्यासारखं वागवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अजूनही महिन्यातून एकदा आम्ही जातो.

पाचव्या शनिवारी तेजस्विनीचं ते भांड्यांचं नाटक परत होतं. बाबा सकाळपासून खूश. पुढच्या रांगेत मधोमध बसले. त्यांना सगळं नाटक पाठ झालेलं होतं. चाळीस वर्षांची सवय, एकदा ऐकलं की झालं. नाटक रंगत गेलं. या वेळी मलाही जांभई आली नाही. भांडी संपली. तिनं गुंड उचलला, ठेवला, दाराकडे पाहिलं आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. पंख्याचा आवाज येत होता. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. मागच्या वेळी एवढ्यात वाक्य आलं होतं. बाबांची खुर्ची करकरली. मी पाहिलं तर त्यांचे दोन्ही हात मांडीवर असे पसरलेले की जणू वही धरली आहे, आणि ओठ हलायला लागले होते. मी त्यांच्या दंडाला हात लावेपर्यंत उशीर झाला.

"हा इथंच राहू द्या… हा इथंच राहू द्या…"

खड्ड्यातून ही कुजबुज फक्त नटाला ऐकू जायची. इथं खड्डा कुठला आणि फळी कुठली! पस्तीसच्या पस्तीस माणसांनी ऐकली. मागं कोणी फिसकन हसलं. तेजस्विनीनं बाबांकडे पाहिलं. मग गुंडावर हात ठेवला आणि अगदी हळू, जणू तिला कोणी घरच्यानं सांगितलं आहे अशी, म्हणाली, "हा इथंच राहू द्या."

नाटक संपलं आणि मी बाबांना धरून जिन्यावरून खाली नेलं. माझं डोकं फिरलं होतं. "उचलली जीभ अन् लावली टाळ्याले! पाच हप्ते झाले, एक हप्ता दम नाही निघाला? ऑपरेशन पाण्यात घातलं बाबा तुमी! कोणासाठी? त्या पोट्टीसाठी? तिचं तिनं पाहून घेतलं असतं ना!" लोक बघत होते, बघू दे. मला रडू येत होतं. बाबा पाटी छातीशी धरून खाली बघत उभे.

मागून धाडधाड जिना उतरत तेजस्विनी आली. चेहऱ्यावर रंग तसाच. मी म्हटलं, आता ही झाडणार. झाडलं तर बरोबरच आहे.

"काका," ती धापा टाकत म्हणाली, "मी विसरली नव्हती हो. ती जागा आम्हीच मोठी केली होती."

कमलेशही तिच्यामागून आला. "मागच्या वेळी दहाच सेकंद होते काका. आज दीड मिनिट करून पाहिलं. आमचं असं प्रत्येक वेळी काहीतरी करून पाहणं चालू असते."

"म्हणजे त्या बाईला बोलताच येत नाही ना तिथं," तेजस्विनी म्हणाली. "म्हणून ती गप्प आहे. गप्प आहे तेच नाटक आहे." मग ती हसली आणि बाबांचा हात हातात घेतला. "पण काका, मला आजपर्यंत कोणी वाक्य दिलं नव्हतं. किती बरं वाटलं, सांगू?"

मी तिला बाबांचं काम सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. दोघांचे चेहरे उतरले. ते दोघं आम्हाला बसस्टँडपर्यंत सोडायला आले.

बस मौद्याच्या पुढे आली तरी बाबांनी लेखणी उचलली नव्हती. मला वाटलं, घशाची भीती वाटून राहिली असेल. भंडारा मागे पडलं तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"सुलोचनाबाईबी विसरत नव्हती का?"

सुलोचनाबाई म्हणजे कंपनीतली आईची कामं करणारी बाई. दिघोरीची. बावीस वर्षं बाबांच्या कंपनीत होती, आता सहा वर्षांपासून घरी असते. कंपनीचं एक नाटक अकरा वर्षं चाललं. त्यात आई आपल्या मुलीला कायमची दुसऱ्याच्या घरी पाठवते आणि म्हणते, "जाय बाई, मागं पाहू नको." त्या वाक्याआधी सुलोचनाबाई दर खेळात अडायच्या. बाबा खालून वाक्य द्यायचे, मग त्या म्हणायच्या. कंपनीत सगळे म्हणायचे, बाईची ती जागा कच्ची आहे. बाबांनी लिहिलं, "कच्ची नसन. थे गप रायत होती. मी तोडलं. अकरा वर्स."

"मंग काय झालं बाबा? नाटक चाललं ना? लोक रडले ना?"

त्यांनी पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, "तुले नाही समजत." मला राग आला, पण खरं सांगते, समजलं होतं. माणूस आयुष्यभर एकच काम करतो. ते आपण चांगलं केलं, एवढंच त्याच्याजवळ असतं. माझ्या बापाचं तेवढंच होतं, आणि ते त्या बसमध्ये त्यांच्या हातून जात होतं. तो आठवडा ते ताटात भात चिवडत राहिले. रात्री पाटी घेऊन बसायचे आणि काही न लिहिता पुसायचे. आवाज परत येईल की नाही, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

सहाव्या शनिवारी मॅडमनं घशात कॅमेरा घालून पाहिलं. मी जीव मुठीत धरून बसले होते. "जखम भरली," मॅडम म्हणाल्या. "आता बोला. सरळ, मोकळ्या आवाजात. कुजबुज मात्र आयुष्यात कधीच नाही."

बाबांनी दोनदा खाकरलं. "मॅडम, मेहरबानी," ते म्हणाले. आवाज घोगरा, फाटका, पण बापाचाच. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग जिना उतरताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "दिघोरीले जाऊ."

"अन् कंपनी?"

"थ्या खड्ड्यात बसनं झालं आता. मालकाले फोन करून सांगून दे." एवढंच. चाळीस वर्षांचं काम त्यांनी जिन्याच्या दोन पायऱ्यांमध्ये सोडून दिलं, कारण त्यांचं मन दुसरीकडे अडकलं होतं.

मंगळवारी आम्ही मोहाडीहून भंडारा आणि भंडाऱ्याहून लाखांदूरकडची बस धरून दिघोरीला गेलो. धान पोटरीवर आलं होतं, सगळीकडे हिरवं. सुलोचनाबाईंचं घर विचारलं तर एका बाईनं बोटानं दाखवलं. अंगणात खाटेवर एक उंच, गोरीपान म्हातारी सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. बाबांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

"मी धनीराम," ते म्हणाले. "प्रॉम्प्टर."

बाईनं सूप खाली ठेवलं. "अगा माय! उजेडात तुमी असे दिसता होय? मी त तुमाले आवाजानं वळखतो. अन् आवाज त तोबी रायला नाही!" आत वळून हाक मारली, "ललिता, पावने आले वं, चाय ठेव."

मला खुर्ची दिली, बाबांना दिली. बाबा बसले नाहीत. त्यांना आता हळू बोलायची मनाई होती, म्हणून जे बोलले ते खूप मोठ्यानं बोलले, शेजारचे लोक कुंपणापाशी आले. "बाई, मी तुमची माफी मागाले आलो. ‘जाय बाई, मागं पाहू नको’ म्हनाच्या आधी तुमी गप रायत होत्या. मले वाटे तुमी विसरल्या. नागपूरच्या एका पोरीनं मले सांगितलं, गप राह्यनंबी काम असते. मी तुमचं काम तोडलं. मले मालूम नव्हतं. मी तोंड पाहत नव्हतो." एवढं बोलून ते खुर्चीत बसले.

सुलोचनाबाईंनी सूप खाटेखाली सरकवलं. मग हसल्या. "बाकी ठिकानी तुमी लय घाई करत होते, हे मातर खरं हाय. मी एक शब्द बोलत नाही त तुमचा दुसरा तयार. असा राग यायचा! अन् पान खाऊन बसले की पहिल्या अंकातच माह्या साडीवर लाल थेंब!"

मलाही हसू आलं. बाबा हसले नाहीत. "थे जागा सांगा," ते म्हणाले.

बाईनं दाराकडे पाहिलं. आत भांड्यांचा आवाज येत होता. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मी विसरत नव्हती. अन् तुमी म्हनता तसं कामबी करत नव्हती. हे ललिता चार वर्साची होती, नवरा गेला, अन् हिले माह्या मायकडे ठेवून मी कंपनीत आली. बस हालली तं हे मागं पयत आली. मी खिडकीतून म्हनलं, जाय बाई, घरी जाय. नाटकात थे वाक्य आलं की मले थेच दिसे. वाक्य पाठ होतं हो. तोंडातून निघतच नव्हतं. मंग खालून तुमचा आवाज यायचा. मले वाटे, हे मी म्हनत नाही, मले कोनीतरी सांगून राहिलं, म्हनून म्हनतो. मंग म्हनता ये. धनीरामभाऊ, तुमी नसते त मी अकरा वर्स तिथंच उभी राह्यली असती. तुमी माफी काहून मागता? मीच तुमाले कधी सांगितलं नाही, मी तुमची किती आभारी हाय."

बाबांनी तोंड ओंजळीत धरलं आणि रडले. आवाज करून, लहान पोरासारखे. मी माझ्या बापाला कधी रडताना ऐकलं नव्हतं. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, देवा, हे समजायला आम्हाला केवढं फिरवलंस, पण समजवलंस.

दारात ललिता उभी होती, हातात चहाचा ट्रे. तिशी ओलांडलेली बाई. ती केव्हापासून उभी होती, कोणाला माहीत. चेहऱ्यावरून कळत होतं की सगळं ऐकलं आहे.

"थे नाटक मी एकदाबी नाही पायलं," ती म्हणाली. "गावात आलं, शेजारच्या गावात आलं. मी घरी बसून राह्यली. रागानं." मग मायकडे वळून म्हणाली, "माय, थे जागा करून दाखव ना."

"आता? वेडी का तू!"

"करा बाई," बाबा म्हणाले.

सुलोचनाबाई खाटेवरून उठल्या. पदर खांद्यावर ओढून घेतला. एवढंच केलं, पण अंगणात वेगळीच बाई उभी राहिली. नाटकातल्या मुलीला निरोप देणारं सगळं बोलणं त्या बोलल्या. पोरीला सांगतात, सकाळी उठत जा, कोणाच्या घरचं उष्टं खाऊ नको, पाऊस आला की दारात उभी राहू नको. कुंपणापाशी उभे असलेले लोक आणखी पुढे सरकले. मग ती जागा आली आणि त्या अडल्या.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही ओठ घट्ट दाबले होते. डॉक्टरची मनाई होती म्हणून की काय, मला सांगता येत नाही. ते बाईच्या तोंडाकडे पाहत होते. बाईला शब्द येत नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. खूप गेला.

ललितानं ट्रे खाटेवर ठेवला. ती मायच्या जवळ गेली, अगदी कानापाशी, आणि हळूच म्हणाली, "जाय बाई, मागं पाहू नको."

सुलोचनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात धरला. आणि मग ते वाक्य म्हटलं.